मोटारगाडीचे अल्पखर्चिक ध्वनिरोधन

मोटारगाडीचे ध्वनिरोधन म्हणजे टायर, वारा, इंजिन आणि थरथरणारे पत्रे यांचा प्रवासीकक्षात पोहोचणारा आवाज कमी करण्याची प्रक्रिया होय. 'ध्वनिरोधन' हा शब्द रूढ असला, तरी धावत्या गाडीत आवाज पूर्णपणे रोखणे शक्य नसते. तो केवळ कमी करता येतो. कारखान्यात गाडी तयार होतानाच हे काम काही प्रमाणात केलेले असते. कमी किमतीच्या व हलक्या गाड्यांमध्ये मात्र वजन आणि खर्च मर्यादित राखण्यासाठी त्याचे प्रमाण बेताचे ठेवले जाते. त्यामुळे अशा गाड्यांचे अनेक मालक पुढे स्वतः किंवा कारागिराकडून हे काम करून घेतात.

अल्प खर्चातील ध्वनिरोधनाचे यश साहित्याच्या किमतीपेक्षा कामाच्या क्रमावर अधिक अवलंबून असते. प्रथम गाडीतील बिघाड दुरुस्त करणे, नंतर फटी बुजवणे, सैल भाग घट्ट करणे, पत्र्याचे कंपन शमवणे आणि सर्वांत शेवटी शोषक व रोधक थर घालणे, असा हा क्रम आहे. यांतील बिघाडाची दुरुस्ती गाडीच्या सुरक्षिततेसाठी तशीही आवश्यकच असते, आणि फटी व सैल भागांच्या कामाला फारसा खर्च येत नाही. क्रम उलटा केल्यास पुष्कळ पैसे खर्चूनही फरक जाणवत नाही. शिवाय एखाद्या धोकादायक बिघाडाचा आवाज झाकला जाण्याचा संभव असतो.

पार्श्वभूमी

सुरुवातीच्या मोटारगाड्या बहुतांशी उघड्या असत. त्यामुळे प्रवासीकक्षातील आवाज हा स्वतंत्र प्रश्न मानला जात नव्हता. १९२० च्या दशकात अमेरिकेत बंद बांधणीच्या गाड्यांचे प्रमाण झपाट्याने वाढले आणि लाकडी सांगाड्याची जागा हळूहळू पोलादी पत्र्याने घेतली. पातळ पत्र्याची बंद पेटी ही एखाद्या तालवाद्याप्रमाणे वागते. तिच्या भिंती कंप पावतात आणि आत कोंडलेली हवा त्या कंपनाला साथ देते.

पत्र्याचे कंपन शमवण्याच्या शास्त्राचा पाया विसाव्या शतकाच्या मध्यास घातला गेला. जर्मन संशोधक हेर्मान ओबेर्स्ट यांनी १९५२ मध्ये पत्र्यावर चिकटवलेल्या चिवट थराच्या परिणामाचे विश्लेषण मांडले. अमेरिकेतील एडवर्ड कर्विन यांनी १९५९ मध्ये, हा थर दोन ताठ पृष्ठभागांमध्ये दाबून बसवल्यास काय घडते याचे गणित प्रसिद्ध केले. आज बाजारात मिळणारी, एका बाजूस ॲल्युमिनियमची पत्री आणि दुसऱ्या बाजूस ब्युटाइल रबर असलेली डॅम्पिंग शीट याच दुसऱ्या तत्त्वावर चालते. ब्युटाइल रबराचा शोध १९३७ मध्ये अमेरिकेत लागला होता.

महाराष्ट्राच्या संदर्भात हा विषय द्रुतगती महामार्गांमुळे अधिक जाणवू लागला. २००२ मध्ये पूर्ण झालेला मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग आणि त्यानंतरचा मुंबई–नागपूर समृद्धी महामार्ग हे दोन्ही सिमेंट काँक्रीटचे आहेत. काँक्रीटच्या पृष्ठभागावर टायरचा आवाज सामान्यतः डांबरी रस्त्यापेक्षा अधिक येतो. पाणी निघून जावे आणि पकड राहावी म्हणून काँक्रीटवर आडव्या खाचा काढलेल्या असतील, तर एकसुरी गुणगुणही ऐकू येते. शहरात शांत वाटणारी छोटी गाडी अशा मार्गावर तासन्‌तास चालवताना संभाषण अवघड होते आणि रेडिओचा आवाज नकळत वाढवला जातो.

ध्वनीविषयी मूलभूत माहिती

डेसिबलचा हिशेब

ध्वनीची पातळी डेसिबल या एककात मोजतात. हे माप घातश्रेणीवर आधारलेले असल्यामुळे त्याची बेरीज-वजाबाकी नेहमीप्रमाणे होत नाही. ऊर्जा दुप्पट झाली की पातळी सुमारे ३ डेसिबलांनी वाढते. ऊर्जा दहापट झाली की १० डेसिबलांनी वाढते. मानवी कानाला मात्र १० डेसिबलांची घट ही आवाज 'निम्मा' झाल्यासारखी वाटते, तर ३ डेसिबलांची घट जेमतेम स्पष्टपणे जाणवते.

याचा व्यावहारिक अर्थ एका काल्पनिक उदाहरणाने स्पष्ट होतो. एखाद्या गाडीत टायरचा आवाज ७०, वाऱ्याचा ६४ आणि इंजिनचा ६० डेसिबल आहे असे मानल्यास तिन्हींची एकत्रित पातळी सुमारे ७१.३ डेसिबल होते. येथे इंजिनचा आवाज संपूर्णपणे नाहीसा केला, तरी एकूण पातळी ७१ डेसिबलच राहते, म्हणजे फरक अवघा ०.३ डेसिबल पडतो. उलट टायरचा आवाज ६ डेसिबलांनी कमी केल्यास एकूण पातळी सुमारे ६७.८ वर येते. बॉनेटखाली महागडे अस्तर लावूनही गाडी पूर्वीसारखीच गोंगाटाची वाटते, त्याचे कारण या हिशेबात आहे. सर्वांत मोठा स्रोत ओळखल्याशिवाय केलेला खर्च वाया जातो.

ध्वनीचे दोन मार्ग

प्रवासीकक्षात ध्वनी दोन मार्गांनी येतो. हवेतून येणारा ध्वनी काचा, पत्रे आणि फटी यांतून आत शिरतो. वाऱ्याचा सूसू आवाज व शेजारच्या वाहनांचा आवाज हे त्याचे उदाहरण. सांगाड्यातून येणारा ध्वनी कंपनाच्या रूपाने प्रवास करतो. खडबडीत रस्त्याचा हादरा चाकातून, सस्पेन्शनमधून व जमिनीच्या पत्र्यातून येतो आणि पत्रा कंप पावल्यावर त्याचा आवाज होतो. पहिल्या प्रकारावर फट बुजवणे व जड थर घालणे हे उपाय उपयोगी पडतात, तर दुसऱ्या प्रकारावर कंपन शमवणे.

प्रमुख स्रोत

टायर आणि रस्ता : मोटारगाडीत साधारण ताशी ४० ते ५० किलोमीटर वेगाच्या पुढे टायर व रस्ता यांच्या घर्षण-आघातातून होणारा आवाज इंजिनच्या आवाजावर मात करू लागतो. त्याचा जोर सुमारे ७०० ते १,००० हर्ट्‌झ या पट्ट्यात अधिक असतो. वेग दुप्पट झाल्यास हा आवाज साधारण ९ ते १२ डेसिबलांनी वाढतो.

वारा : वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर आणखी तीव्रतेने वाढतो. ताशी १०० किलोमीटरच्या आसपास आरसे, दारांच्या कडा, छतावरील सामानाचा सांगाडा व सैल रबर पट्ट्या यांच्याभोवती होणारा हवेचा खळखळाट ठळक होतो.

इंजिन व धूरनळी : थांबलेल्या गाडीत आणि कमी वेगात हाच मुख्य स्रोत असतो. इंजिन ज्यावर टेकलेले असते ती रबरी माउंटिंग झिजल्यास कंपन थेट सांगाड्यात उतरते. विद्युत गाड्यांत इंजिनचा आवाज नसतो. तरीही त्या कमी वेगातच अधिक शांत वाटतात. इतर आवाजांना झाकणारे इंजिन नसल्यामुळे वेगात टायर आणि वारा यांचे आवाज उलट अधिक लक्षात येतात.

आतील खडखड : दाराच्या पॅडच्या सैल क्लिपा, डॅशबोर्डची प्लास्टिके, सीटबेल्टची कडी, डिकीतील जॅक व पाना यांचा आवाज मोजमापात लहान असतो. तो अनियमित असल्यामुळे मनाला मात्र अधिक त्रास देतो.

निदान

साहित्य आणण्यापूर्वी स्रोत शोधणे ही अल्पखर्चिक ध्वनिरोधनातील सर्वांत महत्त्वाची पायरी आहे. त्यासाठी पुढील साध्या चाचण्या वापरल्या जातात.

थांबलेल्या गाडीत इंजिनचा वेग वाढवून आवाज ऐकल्यास इंजिनचा वाटा कळतो. थांबलेली गाडी शांत आणि धावती गाडी गोंगाटाची असेल, तर दोष टायर, वारा किंवा पत्रे यांच्याकडे असतो. त्याच वेगात डांबरी रस्त्यावरून काँक्रीटच्या रस्त्यावर जाताच आवाज एकदम बदलला, तर टायरचा वाटा मोठा आहे असे समजावे.

फटी शोधण्यासाठी कागदाची पट्टी दारात धरून दार बंद करतात. पट्टी सहज सरकून बाहेर आली, तर त्या ठिकाणी रबर पट्टी नीट दाबली जात नाही. दुसरी पद्धत खडूची आहे. रबर पट्टीवर खडूची भुकटी लावून दार बंद करून उघडल्यास चौकटीवर उमटलेली रेघ जेथे तुटते तेथे फट असते. रात्री गाडीत विजेरी लावून बाहेरून पाहिल्यासही मोठ्या फटी दिसतात.

पत्र्याची परीक्षा बोटाच्या पेराने करतात. ठोकल्यावर पत्र्यातून घुमणारा 'ठण्ण' असा नाद आला, तर त्याला अवमंदनाची गरज आहे. 'ठक' असा बद्ध आवाज आला, तर तेथे थर पुरेसा आहे.

मोजमापासाठी मोबाइलमधील ध्वनिमापक ॲप वापरता येते. त्याचे निरपेक्ष आकडे अचूक असतीलच असे नाही. परंतु आधी आणि नंतर यांची तुलना करण्यास ते उपयोगी पडते. त्यासाठी रस्ता, वेग व मोबाइलची जागा तीच असावी, काचा बंद असाव्यात, पंखा व रेडिओ बंद असावा आणि नोंद चालकाने नव्हे, तर शेजारच्या प्रवाशाने घ्यावी.

दुरुस्ती आणि विनाखर्च उपाय

आवाज हा गाडीने दिलेला इशाराही असू शकतो. वेगाबरोबर वाढणारी आणि वळण घेताना बदलणारी घरघर हे चाकाचे बेअरिंग झिजल्याचे लक्षण असते. धूरनळीला भोक पडल्यास आवाज वाढतो, पण त्याहून गंभीर बाब म्हणजे कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायू प्रवासीकक्षात शिरू शकतो. ब्रेक दाबताना येणारी किंकाळी पॅड संपल्याची सूचना असू शकते. अशा आवाजांवर अस्तर घालणे म्हणजे रोग तसाच ठेवून त्याचे लक्षण लपवणे होय. म्हणून ध्वनिरोधनापूर्वी बेअरिंग, धूरनळी, ब्रेक, इंजिन माउंटिंग आणि सस्पेन्शनची रबरी बुशे तपासून घेणे आवश्यक असते.

टायरमधील हवेचा दाब उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे ठेवणे, चाकांची संरेखा तपासणे आणि ठरावीक अंतरानंतर टायरची अदलाबदल करणे यांमुळे टायर असमान झिजत नाहीत. करवतीच्या दातांसारखा झिजलेला टायर मोठा गुणगुणाट करतो आणि त्यावर कोणतेही अस्तर पुरेसे पडत नाही. नवे टायर घेण्याची वेळ आलीच असेल, तर कमी आवाजाचा नमुना निवडणे हा पत्र्यावरील कामापेक्षा अनेकदा परिणामकारक उपाय ठरतो. युरोपीय संघात २०१२ पासून टायरच्या लेबलावर आवाजाचा आकडा दिला जातो. तो गाडीच्या बाहेरील आवाजाचा असतो, आतील आवाजाचा नव्हे, हे लक्षात ठेवावे लागते.

वेग कमी करणे हा कोणताही खर्च नसलेला उपाय आहे. ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटर वेगाने गेल्यास टायरचा आवाज सुमारे ३ ते ४ डेसिबलांनी घटतो. घरगुती पातळीवर केलेल्या पुष्कळ मेहनतीचे फळही अनेकदा एवढेच असते. वापरात नसलेला छतावरील सामानाचा सांगाडा काढून ठेवल्यास वाऱ्याचा आवाज कमी होतो आणि इंधनही वाचते.

ध्वनिरोधनाची चार तत्त्वे

फट बुजवणे : एखाद्या भिंतीच्या क्षेत्रफळापैकी केवळ १ टक्का भाग उघडा असेल, तर उरलेली भिंत कितीही उत्तम असली तरी एकूण रोध २० डेसिबलांच्या पुढे जाऊ शकत नाही. त्यामुळे रबर पट्ट्या आणि वायर जाण्याची भोके यांना पहिला मान मिळतो.

अवमंदन : शाळेतील लोखंडी टोल वाजल्यानंतर त्याला हात लावताच नाद विरतो. हात टोलाचे वजन वाढवत नाही. तो कंपनाची ऊर्जा शोषून तिचे उष्णतेत रूपांतर करतो. डॅम्पिंग शीट हेच काम करते. पत्रा वाकला की पत्रा व वरची ॲल्युमिनियमची पत्री यांच्या दरम्यान दाबलेले ब्युटाइल रबर घासल्यासारखे ताणले जाते आणि ऊर्जा उष्णतेच्या रूपाने खर्ची पडते.

शोषण : नमदा, लोकर, कापडी चिंध्यांचे दाबलेले फेल्ट किंवा तंतुमय कृत्रिम अस्तर यांच्या छिद्रांत हवेचे कण हलतात आणि घर्षणामुळे ध्वनीची ऊर्जा कमी होते. सच्छिद्र थर परिणामकारक होण्यासाठी त्याची जाडी तरंगलांबीच्या साधारण एक-चतुर्थांश असावी लागते. १,००० हर्ट्‌झच्या ध्वनीची हवेतील तरंगलांबी सुमारे ३४ सेंटिमीटर असते. तिचा चौथा हिस्सा ८.५ सेंटिमीटर होतो. म्हणून एक-दोन सेंटिमीटर जाडीचा नमदा उंच पट्टीची सूसू कमी करतो, पण टायरची खालच्या पट्टीची घरघर त्याने फारशी थांबत नाही.

रोधन : हवेतून येणारा ध्वनी अडवण्यासाठी वस्तुमान लागते. 'वस्तुमान नियमा'नुसार दर चौरस मीटरचे वजन दुप्पट केल्यास रोध सुमारे ६ डेसिबलांनी वाढतो. ०.७ मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्याचे वजन चौरस मीटरला साधारण ५.५ किलोग्रॅम भरते. त्यावर तेवढ्याच वजनाचा जड व्हायनिलचा थर घातला, तर तत्त्वतः सुमारे ६ डेसिबल मिळतात. हा थर पत्र्याला थेट न चिकटवता मध्ये मऊ फोम ठेवून तरंगता ठेवल्यास मधल्या व वरच्या पट्टीत परिणाम याहून चांगला होतो.

साहित्य

ब्युटाइल डॅम्पिंग शीट : सुमारे २ मिलिमीटर जाडीची शीट सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे वजन चौरस मीटरला साधारण ३ किलोग्रॅमच्या घरात असते. ब्युटाइल रबर उन्हात सहसा वितळत नाही व त्याला उग्र वास येत नाही.

डांबरयुक्त पट्ट्या : छपराची गळती थांबवण्यासाठी विकली जाणारी डांबरी पट्टी दिसायला डॅम्पिंग शीटसारखीच असते व तुलनेने स्वस्त असते. कारखान्यातही गाडीच्या जमिनीवर डांबरयुक्त थर वापरले जातात, परंतु ते रंगकामाच्या भट्टीत तापवून पत्र्याशी एकजीव केलेले असतात. उन्हात उभ्या असलेल्या गाडीच्या पत्र्याचे तापमान ६० अंश सेल्सियसच्या वर सहज जाऊ शकते. अशा वेळी छपराची डांबरी पट्टी मऊ पडते, उभ्या पत्र्यावरून घसरते आणि गाडीत वास कोंडतो. पुढे ती खरवडून काढण्याची मजुरी मूळ बचतीपेक्षा जास्त होते.

बंद पेशींचा फोम : हा फोम पाणी शोषत नाही. तो प्लास्टिकांमधील खडखड थांबवण्यासाठी आणि जड थराखाली गादी म्हणून उपयोगी पडतो. केवळ फोम लावून आवाज अडत नाही.

नमदा, फेल्ट व कृत्रिम तंतूंचे अस्तर : कापडी चिंध्यांपासून केलेले फेल्ट स्वस्त असते आणि अनेक गाड्यांच्या मूळ गालिच्याखालीही तेच असते. ताग किंवा कापूस यांचे अस्तर ओल धरते. कोकण व गोव्याच्या पावसाळ्यात असे अस्तर दाराच्या आत किंवा ओल्या जमिनीवर घातल्यास बुरशी व गंज यांना आमंत्रण मिळते. दारात पाणी न शोषणारे पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलीनचे तंतुमय अस्तर वापरणे इष्ट असते.

जड व्हायनिल : चौरस मीटरला सुमारे ५ किलोग्रॅम वजनाचा प्रकार सर्वसामान्य आहे. तो महाग व जड असल्यामुळे अल्प खर्चाच्या कामात शेवटी आणि फक्त जमिनीवर वापरला जातो.

चिकट फेल्ट पट्टी : प्लास्टिकच्या दोन भागांमधील करकर थांबवण्यासाठी कापडी चिकट पट्टी वापरतात. मोजक्या पैशांत मनाला सर्वाधिक समाधान देणारे साहित्य म्हणून तिचा उल्लेख करावा लागेल.

कामाचा क्रम

१. सामान रिकामे करणे. डिकी, दारांचे खण, सीटखालची जागा पूर्ण मोकळी करून गाडी चालवून पाहिली असता निम्मी खडखड तेथेच सापडते. जॅक व पाना जुन्या चादरीत गुंडाळून घट्ट बसवतात.

२. रबर पट्ट्या. पट्ट्या साबणाच्या पाण्याने पुसून सिलिकॉनयुक्त वंगण लावल्यास रबर पुन्हा लवचीक होते व करकर थांबते. पेट्रोलियम आधारित तेल किंवा ग्रीस या रबराला फुगवते, म्हणून ते टाळतात. फाटलेली वा चपटी झालेली पट्टी बदलतात. दार बंद करण्यास जोर लागेल इतकी जाड पट्टी लावू नये.

३. दारे. दाराचे पॅड काढल्यावर आत प्लास्टिकचा पडदा दिसतो. तो पाणी प्रवासीकक्षात येण्यापासून रोखतो, म्हणून काम संपल्यावर तो पूर्ववत चिकटवणे आवश्यक असते. बाहेरील पत्र्याची आतली बाजू आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून कोरडी करतात आणि पत्र्याच्या मधोमध, जेथे तो सर्वाधिक घुमतो तेथे, शीट चिकटवून रोलरने दाबतात. शीटवरील उठावाची नक्षी सपाट होईपर्यंत दाब देणे हे चांगल्या कामाचे लक्षण मानले जाते. पत्र्याचा साधारण एक-चतुर्थांश ते निम्मा भाग झाकल्यास अवमंदनाचा बहुतांश लाभ मिळतो. उरलेला भाग झाकून वजन व खर्च वाढतो, त्या प्रमाणात शांतता वाढत नाही.

४. मागच्या चाकांच्या कमानी व डिकी. हॅचबॅक प्रकारच्या गाडीत डिकी व प्रवासीकक्ष यांच्यात भिंत नसते. त्यामुळे मागच्या टायरचा आवाज थेट कानापर्यंत येतो. येथे प्रथम डॅम्पिंग शीट व तिच्यावर फेल्ट असा दुहेरी थर उपयोगी पडतो.

५. जमीन. सीट व गालिचा काढावा लागत असल्याने हे काम कष्टाचे असते. पाय ठेवण्याच्या जागा, समोरची उतरती बाजू आणि सीटखालचा पत्रा येथे शीट लावून वर फोम व शक्य असल्यास जड व्हायनिल अंथरतात.

६. छत. छताचे अस्तर काढताना ते दुमडून कायमचे खराब होऊ शकते. छतावर फक्त मध्यभागी हलक्या शीटचे तुकडे लावल्यास पावसाचा ताशा पुष्कळ मंदावतो. छताची उंची मोठी असल्याने येथे वजन वाढवणे हितावह नसते.

प्रत्येक टप्प्यानंतर त्याच रस्त्यावर गाडी चालवून फरक पाहिल्यास पुढचा खर्च करावा की थांबावे, हे ठरवता येते.

परिमाण व वजन

छोट्या हॅचबॅक गाडीच्या चारही दारांसाठी अंशतः आच्छादन धरून साधारण १ चौरस मीटर शीट पुरते. तिचे वजन सुमारे ३ किलोग्रॅम होते. चाकांच्या कमानी, डिकी व जमीन यांसाठी आणखी २ चौरस मीटर धरल्यास ६ किलोग्रॅम वाढतात. जमिनीवर ३ चौरस मीटर जड व्हायनिल घातले, तर त्यात १५ किलोग्रॅमची भर पडते. सर्व मिळून सुमारे २४ किलोग्रॅम, म्हणजे एका शाळकरी मुलाएवढे वजन, गाडी कायम वाहत राहते. इंधनाचा खर्च व हलक्या गाडीची क्षमता पाहता याहून अधिक वजन वाढवणे सामान्यतः टाळले जाते.

प्रचलित गैरसमज

अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे लावल्याने आवाज अडतो, ही समजूत व्यापक आहे. ट्रे हलके असतात, त्यामुळे ते ध्वनी रोखू शकत नाहीत, आणि गाडीत ते लवकर पेट घेऊ शकतात. थर्मोकोल उष्णतेचा चांगला रोधक असला, तरी वजनाने हलका व ताठ असल्यामुळे ध्वनीसाठी निरुपयोगी ठरतो. शिवाय तो घासला गेल्यावर स्वतःच करकरतो. ध्वनिमुद्रणगृहात दिसणारा टोकदार फोम खोलीतील प्रतिध्वनी कमी करतो, बाहेरून येणारा आवाज अडवत नाही. काचांवरील पातळ फिल्म उन्हाचा ताप कमी करू शकते, परंतु तिचे वजन नगण्य असल्याने ध्वनीवर तिचा विशेष परिणाम होत नाही.

सुरक्षितता

दारांच्या तळाशी पाणी वाहून जाण्यासाठी छिद्रे असतात. काचेच्या कडेने आत उतरलेले पावसाचे पाणी त्यांतूनच बाहेर पडते. ही छिद्रे शीटने किंवा फवारणीच्या फोमने बुजल्यास दार आतून गंजते. फुगणारा फोम दारात वा खांबांत कधीही भरू नये. तो काचेची यंत्रणा व वायरी जखडतो.

एअरबॅग असलेल्या गाड्यांत सीटच्या बाजूस, खांबांत व छताच्या कडेला एअरबॅग असू शकतात. त्यांच्या मार्गात कोणताही थर येऊ देत नाहीत. सीटखालील पिवळ्या आवरणाच्या वायरी सामान्यतः याच यंत्रणेच्या असतात. त्या सोडवण्याचे काम जाणकाराकडेच सोपवणे योग्य असते. विद्युत व संकरित गाड्यांतील नारिंगी वायरी उच्च दाबाच्या असतात व त्यांना हात लावू नये.

आतील साहित्य सहज पेट घेणारे नसावे. या संदर्भात आयएसओ ३७९५ ही आंतरराष्ट्रीय चाचणी आहे, तर अमेरिकेच्या मानकानुसार आतील साहित्य जळण्याचा वेग मिनिटाला १०२ मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. विक्रेत्याकडे अशा चाचणीची माहिती मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे. इंजिनच्या बाजूस आणि धूरनळीजवळ केवळ उष्णतारोधक म्हणून बनवलेले साहित्यच वापरतात. गादीचा फोम, कापूस किंवा तेल शोषणारे फेल्ट तेथे वापरल्यास आगीचा धोका असतो. शीटच्या कडा धारदार असल्यामुळे काम करताना हातमोजे घालतात.

रुग्णवाहिकेचा भोंगा, मागून येणाऱ्या वाहनाचा हॉर्न आणि रेल्वे फाटकावरील घंटा चालकाला ऐकू येणे आवश्यक असते. घरगुती ध्वनिरोधनाने हे आवाज बंद होत नाहीत. उलट पार्श्वभूमीचा गोंगाट घटल्याने रेडिओ कमी आवाजात ऐकता येतो. तथापि शांत गाडीत वेगाचा अंदाज कमी येतो, म्हणून वेगमापकाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

मर्यादा

अल्प खर्चाच्या कामातून सामान्यतः काही डेसिबलांचीच घट अपेक्षित असते. काचा हा यापुढील मोठा अडथळा आहे. दाराच्या पत्र्यावर कितीही थर घातले, तरी एकेरी काचेतून येणारा आवाज तसाच राहतो. दोन काचांमध्ये मऊ थर असलेली विशेष काच बसवणे हे खर्चिक काम आहे. सस्पेन्शनची रचना आणि सांगाड्याची ताठरता याही मूळ गाडीबरोबर ठरून गेलेल्या गोष्टी असतात. स्वस्त गाडीला महागड्या गाडीइतके शांत करणे हे या कामाचे उद्दिष्ट नव्हे. मागच्या सीटवरील वृद्ध प्रवाशाला समोरच्याचे बोलणे न ओरडता ऐकू यावे, लांबच्या प्रवासानंतर चालकाचे डोके जड होऊ नये आणि पत्र्याची खडखड थांबावी, एवढे साधले तर काम यशस्वी झाले असे मानले जाते.

हेही पाहा

ध्वनी
डेसिबल
अवमंदन
ध्वनिप्रदूषण
ब्युटाइल रबर